मागाआधीची कांडी

भिवंडीचा इतिहास सांगताना आपण यंत्रमाग मोजतो. मला आज बोलायचे आहे ते मागाआधीच्या कामाविषयी, सूत गुंडाळण्याविषयी. धामणकर नाक्यावरून आतल्या गल्लीत वळलो, की मागांच्या खडखडाटात मी कांडीयंत्राची घरघर शोधतो.

उभे सूत बीमवर, आडवे कांडीवर. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या घरात पुरुष हातमागावर बसे. चरख्यावर कांड्या भरायच्या त्या बायकामुलांनी. विसाव्या शतकात यंत्रमाग आले. बीमसाठी साइझिंगचे कारखाने निघाले. तिथे सूत खळीतून काढतात, तापल्या सिलिंडरवर वाळवतात आणि मग गुंडाळतात. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरण्यांचे बरेच काम भिवंडीसारख्या गावांकडे वळले.

सूत सैल गुंडाळले तर गुंतते, फार ताणले तर तुटते. कागदगिरणीतल्या रिळाचेही तेच. धागा तुटला की माग थांबतो आणि विणकराची मजुरी तर कापडाच्या मापावर! म्हणजे चूक गुंडाळण्यातली, तोटा विणणाऱ्याचा.

आता धोट्याविना चालणारे रॅपियर माग आडवे सूत थेट कोनावरून ओढतात. तिथे कांडीच लागत नाही. संपाची तारीख आपण लक्षात ठेवली. घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाईचे नाव मात्र हजेरीपटावर नसे. त्या पिढीतल्या आजीबाई अजून गावात आहेत. त्यांना विचारायला हवे, आणि लवकर.