आमिषावरची रात्र

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. ‘निरामिष जेवण’ म्हणताना तो अर्थ अजून आपल्या तोंडी असतो. ‘आमिष दाखवलं’ म्हणताना मात्र मांस मागे पडतं आणि फसवणूक तेवढी उरते. इंग्रजीतल्या ‘बेट’ या शब्दाचं मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘चावायला लावणं’ असा होतो. काय टाकायचं ते आपल्या शब्दात आहे, कशासाठी टाकायचं ते त्यांच्या.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. थंडी पडली की तिथल्या काही घरांमागच्या मोकळ्या शेतात कोयोट या कोल्ह्याच्या जातभाईला आमिष टाकून टिपायचा उद्योग सुरू होतो. शिकारी खाटकाकडून हाडं, चरबी, छाटून टाकलेले तुकडे घेऊन येतो. ओळखीत कुणी सापळे लावणारा असला, तर कातडं काढून उरलेले बिव्हरही मिळतात. हे सगळं नुसतं टाकून भागत नाही. कोयोट येतो, एक तुकडा तोंडात धरतो आणि अंधारात नाहीसा होतो. म्हणून मांस बादलीत भरायचं, वर पाणी ओतायचं आणि बादली रात्रभर उघड्यावर ठेवायची. सकाळी ती उपडी केली की मांसाचे तुकडे अडकलेला बर्फाचा ठोकळा हाती येतो. तो उचलून पळवता येत नाही; जागेवर उभं राहून कुरतडावा लागतो. शिकाऱ्याला तेवढाच वेळ हवा असतो.

ठोकळ्याशेजारी एक बिनतारी यंत्र ठेवतात. आवारात गाडी शिरली की घरात घंटा वाजावी म्हणून ते बनवलेलं असतं. इथे कोयोट आला की उशाशी वाजतं. निजलेला माणूस उठतो, दिवा न लावता खिडकीशी येतो, काच हळूच वर सरकवतो. बर्फावर चांदणं असेल तर काळी आकृती नुसत्या डोळ्यांनी दिसते. नसेल तर बंदुकीवर उष्णता टिपणारी दुर्बीण असते. वाऱ्याचा हिशोब आधीच केलेला असतो. कोयोट सहसा सरळ चालून येत नाही, लांबून वळसा घालतो आणि वारा नाकावर घेत घेत पुढे सरकतो. म्हणून माणसाचा वास त्याच्या वाटेवर पडणार नाही अशीच जागा मांसासाठी निवडतात. एरवी रात्रीच्या शिकारीबाबत कडक असलेल्या या राज्यात कोयोटसाठी वेगळा परवाना काढून 16 डिसेंबरपासून 31 ऑगस्टपर्यंत रात्री शिकार करता येते. कोयोट हरणं खातो, हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या हरणांवर तर त्याचा फार जोर असतो, हे शिकाऱ्यांचं कारण. मेंढपाळांचं कारण कोकरांचं.

हे तंत्र आज नव्या दुर्बिणींमुळे नवं वाटतं, पण त्याची वंशावळ जुनी आहे आणि तिच्यातली एक फांदी, वाचून आश्चर्य वाटेल, आपल्या कोकणापर्यंत येते.

आधी कोयोट कोण ते सांगायला हवं, कारण मराठीत त्याला सरसकट ‘कोल्हा’ म्हणून टाकतात. आपला सोनेरी कोल्हा आणि हा कोयोट एकाच कुळातले, पण कोयोट अंगाने मोठा. पूर्व अमेरिकेतल्या कोयोटच्या रक्तात तर लांडग्याचा आणि कुत्र्याचाही अंश आहे. त्याचं नाव मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेतलं, ‘कोयोत्ल’. शब्दाच्या शेवटचा हा ‘त्ल’ स्पॅनिश जिभेला जमला नाही, त्याचा ‘ते’ झाला. ‘तोमात्ल’चा टोमॅटो झाला तो याच वाटेने. मेक्सिको शहरातला कोयोआकान हा भाग म्हणजे कोयोटांची जागा. पंधराव्या शतकात तेश्कोको इथे राज्य करणाऱ्या कवी-राजाचं नाव होतं नेसावालकोयोत्ल, अर्थ ‘उपाशी कोयोट’. उपाशी म्हणजे उपास धरलेला, व्रतस्थ. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने तिथल्या लोकांकडून ज्ञान गोळा करून ग्रंथ रचला. त्यात एका वाटसरूची हकीकत आहे. कोयोटच्या गळ्याला सापाने विळखा घातलेला असतो, वाटसरू तो सोडवतो आणि कोयोट त्याची परतफेड म्हणून टर्की कोंबडे आणून देतो. इथे खाणं कोयोटने माणसासाठी आणलं. पुढच्या चारशे वर्षांत त्यांच्यातली देवाणघेवाण बरोबर उलटी झाली.

गोऱ्या अमेरिकनांनी या प्राण्याला आधी ‘माळरानाचा लांडगा’ म्हटलं. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत 1804 साली त्याची नोंद झाली. शास्त्रीय नाव मात्र थॉमस से या निसर्ग-अभ्यासकाने 1823 साली दिलं, कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा. त्या नामकरणामागची गोष्ट या लेखाच्या विषयाची खरी पहिली गोष्ट आहे.

से ज्या मोहिमेत होते त्या मेजर लाँग यांच्या मोहिमेने 1819-20 चा हिवाळा मिसुरी नदीकाठी, आजच्या नेब्रास्कात, काढला. से यांना अभ्यासायला प्राणी हवा होता आणि तो पकडायचं काम टिशियन पील या विशीतल्या चित्रकार मदतनिसाकडे आलं. पीलने सहा फूट लांबीची फळ्यांच्या तळाची पेटी काडीवर तिरकी उभी केली आणि आत भरपूर आतडी-कोथळा टाकला. कोयोटने बाहेरून बीळ उकरलं, पेटीच्या खाली शिरला आणि फळ्यांच्या फटींतून मांस खाली ओढून नेलं. मग पीलने मोठा पिंजरा बांधला, वरून आत शिरता येईल पण बाहेर पडता येणार नाही असा. त्या वाटेने कुणीही आत गेलं नाही. मग लोखंडी चाप पाल्याखाली पुरून वर मांस मांडलं; सकाळी भोवती पावलंच पावलं, मांस जागच्या जागी. मग मांस चापाच्या वर झाडाला टांगलं आणि आसपासच्या झाडांनाही तसेच तुकडे टांगले. दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे तुकडे गायब, चापावरचा तेवढा शिल्लक. वासाने कळत असेल म्हणून पीलने भोवतालचा पालापाचोळा जाळला आणि चाप राखेत लपवला. तरीही तेच. शेवटी साध्या ओंडक्यांचा, खटक्याला धक्का लागताच वरून कोसळणारा सापळा लावला, तेव्हा कुठे प्राणी हाती लागले.

मला या प्रसंगात पीलबद्दल आदर वाटतो, कारण हरत गेलेल्या प्रत्येक सकाळची नोंद राहिली. आणि कोयोटबद्दल त्याहून जास्त. शास्त्राच्या वहीत त्याचं नाव चढलं ते आमिषामुळे आणि त्याच वहीत आमिष नाकारण्याची त्याची अक्कलही चढली. से यांनाही ती निव्वळ उपजत बुद्धीच्या पलीकडची वाटली होती.

ही अक्कल ज्याने हरवली ते विष.

कोकणात आणि पश्चिम घाटात काजऱ्याचं झाड आहे. फळ नारिंगी, दिसायला मोहक. आत गरात चपट्या बिया, जुन्या नाण्याएवढ्या, वर रेशमासारखी करडी लव. आयुर्वेदात यालाच कुचला म्हणतात आणि शुद्ध केल्याशिवाय तो कधीही वापरत नाहीत. या बीमध्ये स्ट्रिक्नीन असतं. पॅरिसमध्ये पेल्तिए आणि कावाँतू या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 1818 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं, काजऱ्याच्याच जातीतल्या एका वेलीच्या बियांमधून. पण व्यापारात बी लागली ती मुख्यतः काजऱ्याची आणि तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. आपल्या रानातल्या या बीचं पांढरं कडू चूर्ण होऊन अमेरिकेच्या माळरानावर पोचलं.

तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लांडगेमारांचा धंदा वाढला. पद्धत अशी : एक बायसन गोळी घालून पाडायचा, कलेवर गरम असतानाच मांसाला चिरा देऊन त्यात स्ट्रिक्नीन चोळायचं आणि निघून जायचं. रात्री जागायचं कारण उरलं नाही. चाप लपवायचा नाही, वाऱ्याचा विचार नाही, नेम नाही. पुढे येऊन भोवती पडलेले लांडगे, कोयोट, खोकडं गोळा करायची आणि सोलायची. स्ट्रिक्नीनने मज्जासंस्थेचा आवर सुटतो, सगळे स्नायू एकदम आखडतात, शरीर धनुष्यासारखं वाकतं, श्वास थांबतो आणि तोवर शुद्ध असते. डोमकावळे आणि गरुडही त्या मांसावर येऊन मेले. मूळ रहिवाशांची कुत्री मेली आणि त्यामुळे लांडगेमारांशी त्यांचं हाडवैर झालं.

पुढे हा धंदा सरकारने हाती घेतला. 1915 साली अमेरिकी काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी 1,25,000 डॉलर मंजूर केले; 1931 साली त्यासाठी कायदा झाला. 1940 च्या दशकात ‘1080’ नावाचं नवं विष आलं. घोड्याच्या मांसाच्या मोठ्या तुकड्यांत ते भरून माळावर ठेवत. लांडगा देशाच्या बहुतेक भागातून संपला. कोयोट संपला नाही. उलट लांडगा नाहीसा झाल्यावर जी जागा मोकळी झाली तिथे तो पसरत गेला. मेनमध्ये तो 1930 च्या दशकात पहिल्यांदा दिसला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे, शिकागोसारख्या महानगरातही आहे.

8 फेब्रुवारी 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष वापरायला मनाई केली. 1982 साली रेगन यांनी तो आदेश रद्द केला, पण विषाला पूर्वीची मोकळीक परत मिळाली नाही. योगायोगाने 1972 हेच आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं साल. मचाणाखाली रेडकू बांधून रात्र काढायची शिकार आपल्याकडे राजे-साहेबांनी खूप केली होती; या कायद्याने रात्रीच्या शिकारीवर आणि कृत्रिम उजेडावर बंधन आणलं, विष तर वर्ज्यच केलं. तिकडे विष आवरलं गेलं आणि शिकार पुन्हा एकेका माणसाकडे आली. 1950 च्या दशकात टेक्सासच्या बर्नहॅम बंधूंनी जखमी सशाचा आवाज काढणारी शिट्टी लोकप्रिय केली होती. 1970 च्या दशकात कातड्याचे भाव चढले आणि शिकारी वाढले. पुढे वीज, बॅटरी, लाल दिवा, उष्णता टिपणारी दुर्बीण. मांस मात्र पीलच्या वेळचंच.

खिडकीत बसलेल्या त्या माणसाला मी विषवाल्यांच्या रांगेत बसवणार नाही. तो जागतो, बघतो आणि ज्याला मारायचं त्यालाच मारतो. गरुड मरत नाही, शेजाऱ्याचं कुत्रं मरत नाही. पण ‘यामुळे कोयोट कमी होतात’ हे त्याचं म्हणणं टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी 1975 साली आकडेमोड करून दाखवलं की दर वर्षी 75 टक्के कोयोट मारले, तरी ते संपायला पन्नासाहून अधिक वर्षं लागतील. त्याहून कमी मारले, तर ते भरून काढतात. संख्या घटली की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, कोवळ्या वयाच्या माद्याही वितात, पिल्लं जास्त जगतात. सरकारी खातं आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कोयोट मारतं. कोयोट आहेतच.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ठोकळा कुरतडायला येणारे सगळेच गोळीला बळी पडत नाहीत. आठवडेच्या आठवडे घरामागे मांस मिळत राहिलं, तर वाचलेले प्राणी ती जागा लक्षात ठेवतात. ज्याला घरापासून लांब ठेवायचं म्हणून बंदूक धरली, त्यालाच घराची वाट दाखवली जाते.

इथे मला ठाणे खाडी आठवते. विक्रोळी, ऐरोली, खारघर या बाजूच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात. कायद्याने ते संरक्षित आहेत आणि खेकडे, उंदीर, मासे यांवर त्यांचं भागतं. खारफुटीच्या कडेला कोंबडीच्या दुकानातली पिसं-आतडी पोत्यांतून टाकली जातात तेव्हा तिथे कुणी बंदूक घेऊन बसलेलं नसतं, पण टाकलेलं असतं ते आमिषच, शब्दाच्या पहिल्या अर्थाने. त्याच्यामागे भटकी कुत्री येतात, कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका येतो आणि कोल्हा वस्तीत शिरला म्हणून ओरडही होते. खाडीजवळ राहणाऱ्यांनी एवढं करावं : मांसाचा कचरा खारफुटीत टाकू नये, कुणी टाकताना दिसला तर महापालिकेकडे तक्रार करावी आणि कौतुकानेसुद्धा कोल्ह्याला खायला घालू नये.