साखर उतरणे : आहार व उपाय (पाथर्डी तालुक्याच्या संदर्भात)

साखर उतरणे (रक्तशर्करान्यूनता) : मधुमेहावर औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे. ५४ च्या खाली गेल्यास प्रकार गंभीर धरतात. मेंदूला इंधन कमी पडून माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्धही पडतो. साखर उतरते ती बहुधा इन्सुलिनमुळे, किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमुळे. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते. म्हणून ‘काय खावे’ हे ठरवण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी पाहावी लागते.

लक्षणे : दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे (बीटा-ब्लॉकर) धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतोच. उन्हाने, पाणी कमी पडल्याने किंवा अंगात रक्त कमी असल्यानेही घेरी येते. बोटाच्या थेंबावर साखर मोजणारे यंत्र जवळ असेल तर शंका लगेच फिटते. ते नसेल आणि माणूस मधुमेहाची गोळी घेणारा असेल, तर साखर उतरली असे धरूनच चालावे. चमचाभर साखर जास्त गेल्याने होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ असते.

तातडीचा उपाय : १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर द्यावी, १५ मिनिटे थांबावे, पुन्हा मोजावे, ७० च्या वर गेली नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. पाण्यात विरघळवलेली तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, लहान लिंबाएवढा गुळाचा खडा कुस्करून केलेले पाणी किंवा अर्धा पेला उसाचा रस, यांपैकी काहीही चालते. तालुक्यातल्या मढीच्या यात्रेतून घरी आलेली रेवडीही नडीला उपयोगी पडते, पण ती चावत बसावी लागते. पेढा, चॉकलेट, मलईची बर्फी हे पहिल्या घासाला नकोत, कारण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. गरम चहा फुंकून फुंकून प्यावा लागतो, म्हणून तोही गैरसोयीचा. घाबरून अर्धा पाव पेढे खाऊ घातले की पुढे साखर फारच चढते आणि मग दुसरीच धावपळ सुरू होते.

एक बाब घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. मधुमेहाच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज मिसळलेले असेल, तर साखर, गूळ आणि उसाचा रस यांचा गुण उशिरा येतो, कारण त्यांचे आतड्यात विघटन करणारे विकर या औषधाने रोखलेले असते. अशांना ग्लुकोज पावडरच द्यावी. ती नसेल तर मध किंवा दूध. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधे एकाच गोळीत देण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. पाकिटावरची नावे वाचून ठेवावीत.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, रस काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. वृद्धांची आणि मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांची साखर इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांमुळे एकदा सावरून पुन्हा उतरते; कधी दिवसभर लक्ष ठेवावे लागते.

श्रम आणि जेवणाची वेळ : पाथर्डी हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेचा, बीडला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे, तरी इथली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ऊसतोड टोळीचा दिवस पहाटेच सुरू होतो. खोपीत भाकरी थापून फडक्यात बांधायची आणि अंधारातच फड गाठायचा. जेवण होते ते ऊन चढल्यावर, पहिला ऊस तोडून झाला की.

गोळीच्या चिठ्ठीवर ‘नाश्त्याआधी’ लिहिलेले असते. पहाटे चारला गोळी, दहाला भाकरी आणि मध्ये सहा तास कोयता चाललेला. रात्रभराच्या उपाशीपोटी यकृतातला ग्लुकोजचा साठा आधीच कमी झालेला असतो, राबणारे स्नायू ग्लुकोज ओढत राहतात आणि गोळी इन्सुलिन सोडवत असते. उसाच्या फडात उभ्या माणसाची साखर उतरते ती अशी. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या भरपेट जेवणाच्या वेळीच घ्यावी. पहाटे जेवणे जमत नसेल तर गोळी भाकरीसोबत फडात न्यावी आणि जेवायला बसताना घ्यावी. दुसरा पेच हंगामाचा. उन्हाळ्यात गावी बसून असताना ठरवलेला डोस हंगामातल्या कष्टाला जास्त होऊ शकतो. डोस स्वतः बदलू नये, पण टोळीबरोबर निघण्यापूर्वी कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगून तो तपासून घ्यावा. कष्टानंतर स्नायूंचे ग्लुकोज ओढणे काही तास चालू राहते, त्यामुळे रात्री झोपेतही साखर उतरते. सर्वांचे झाल्यावर उरलेल्या कालवणावर भागवणाऱ्या बाईला हा धोका अधिक. संध्याकाळी दारू घेणाऱ्यालाही तो आहे, कारण मद्य यकृताला नवे ग्लुकोज बनवू देत नाही.

रोजचा आहार : उतरलेली साखर वर आली आणि जेवणाला तासाहून अधिक वेळ असला, तर अर्धी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे किंवा कपभर दूध घ्यावे. इथले जुने जेवण या कामाला उत्तम आहे : बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. डाळी-कडधान्यांतली प्रथिने आणि चोथा यांमुळे ग्लुकोज सावकाश, बराच वेळ मिळत राहते. नाश्त्याला नुसत्या चहा-बिस्किटांवर भागवण्याची सवय मात्र घातक.

उपवास : नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर पायी जाणाऱ्यांत मधुमेहीही असतात. उपवास आणि चाल एकत्र आली की गोळीचा हिशेब चुकतो. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ पिष्टच. साखर झपाट्याने चढवते, आणि पुढे पोटात काही गेले नाही तर गोळी ती तितक्याच झपाट्याने उतरवते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध थोडे थोडे घेत राहणे बरे. चातुर्मासात केवळ उकळलेल्या पाण्यावर होणाऱ्या जैन उपवासांत ही पळवाटही नसते. तिथे आधीच डॉक्टरांचा सल्ला हवा. साखर ७० च्या खाली गेली की उपवास सोडावा, यावर वैद्यकात दुमत नाही.

मधुमेह नसलेल्यांत : जेवणानंतर दोन ते चार तासांनी काहींना थरथर सुटते. अशांनी गोड आणि मैदा कमी करून थोड्या थोड्या अंतराने खावे. पण खरोखर साखर उतरते की नाही, हे त्या वेळी रक्त तपासूनच ठरते. अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये घातलेल्या तीन अटी आजही वापरतात : लक्षणे असणे, त्याच वेळी साखर कमी आढळणे आणि साखर वाढताच लक्षणे जाणे.

लहान मुलांच्या यकृतातला साठा फार लवकर संपतो. बिहारमधील मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात मुले दगावण्याचे कोडे २०१४ च्या तपासात बरेचसे उलगडले. लिचीतील विषारी द्रव्ये आणि रात्रीचे जेवण चुकणे यांमुळे साखर कोसळत होती. टोळीबरोबर गेलेल्या आणि फडाच्या कडेला झोळीत झोपवलेल्या मुलाने रात्री न खाल्ल्यास पहाटे त्याला उठवून काही भरवावे. अतिकुपोषित मूल गळून गेले, अंग गार पडले, तर शुद्धीत असताना साडेतीन मोठे चमचे पाण्यात चहाचा एक भरलेला चमचा साखर विरघळवून ते घोट घोट पाजावे आणि त्याला उबेत ठेवून रुग्णालयात न्यावे. तिथे दर दोन तासांनी आहार देतात, रात्रीसुद्धा.