चार मिनिटांत बंद केलेला आवाज



गटाच्या बैठकीत घडाघडा बोलणारी बाई माइकसमोर आली की गप्प होते. “चुकलं तर गाव हसेल,” म्हणते. म्हणून आज थॉमस वुडरुफ यांची हकिगत सांगते. त्यांच्या चुकीला अख्खा देश हसला होता.

वुडरुफ यांचा जन्म १८९९ चा. ब्रिटनच्या आरमारात ते अधिकारी होते. पुढे ते बीबीसी रेडिओवर आले. समोर घडणारं जसंच्या तसं ऐकणाऱ्याला सांगायचं, म्हणजे धावतं वर्णन करायचं, हे त्यांचं काम. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचं वर्णनही त्यांनी केलं होतं.

१९३७ च्या मे महिन्यात राजा सहावा जॉर्ज याचा राज्याभिषेक झाला. त्यानिमित्त २० मे रोजी पोर्टस्मथ बंदराजवळ स्पिटहेडच्या समुद्रात आरमारानं राजाला मानवंदना दिली. रात्री युद्धनौकांवर रोषणाई होती. तिचं वर्णन करायला आरमारातलाच माणूस हवा, म्हणून वुडरुफ यांना ‘नेल्सन’ या नौकेवर पाठवलं. ती त्यांच्या जुन्या नोकरीची नौका. जुने सोबती भेटले आणि पेल्यावर पेले झाले, असं सांगतात.

माइक सुरू झाला आणि जीभ अडखळू लागली. आरमार उजळलंय, उजळलंय, हेच ते पुन्हापुन्हा बोलत राहिले. मध्येच, ठरल्याप्रमाणे, नौकांवरचे दिवे मालवले. तर म्हणाले, आरमारच नाहीसं झालं! चारेक मिनिटांत बीबीसीनं त्यांचा आवाज बंद केला. इंग्रजी बोलीत ‘उजळलेला’ म्हणजे ‘प्यायलेला’ असाही अर्थ होतो. मग काय, ते वाक्य घरोघरी गाजलं.

दारूनं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण यात रेडिओचंही मर्म आहे. ऐकणाऱ्याला काही दिसत नसतं, बोलणारीचा शब्द हेच तिचे डोळे. आपण लसीकरणाचा वार चुकीचा सांगितला, तर कुणीतरी लेकरू कडेवर घेऊन फुकट पायपीट करील. म्हणून बोलण्याआधी तारीख, रक्कम, मुदत दोनदा तपासायची.

वुडरुफ यांना काही दिवस कामापासून दूर ठेवलं, पण कायमचं घरी बसवलं नाही. १९३८ साली प्रेस्टन आणि हडर्सफील्ड या संघांचा फुटबॉलचा मोठा अंतिम सामना होता. वर्णन त्यांच्याकडेच. सामना संपत आला तरी गोल नाही. ते म्हणाले, आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन! आणि शेवटच्या क्षणी प्रेस्टननं गोल केला. वुडरुफ यांनी टोपीच्या आकाराचा केक खाऊन शब्द पाळला.

पुरुषाची, त्यातून अधिकाऱ्याची, एवढी मोठी चूक लोकांनी गंमत म्हणून सांभाळली आणि माइक परत दिला. आपली एखादी सखी नुसती अडखळली तरी “बायकांना काय जमतंय?” हे ठरलेलं. बाहेरच्यांचं तोंड आपण धरू शकत नाही. पण आपल्या गटात एक ठराव करता येईल: जी अडखळेल तिला कुणी हसायचं नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात पहिला नंबर तिचाच लावायचा.