पांजरपोळ ते परळ

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी एक कुत्री आहे. नाव ठकी. वय डॉक्टरांच्या अंदाजाने सात-आठ वर्षे. जात पामेरियनशी दूरचे नाते सांगणारी. लालबागेतील एका जुन्या चाळीचा पुनर्विकास सुरू होऊन बिऱ्हाडे हलली, तेव्हा कोणा बिऱ्हाडकरूने तिला जिन्याखालीच सोडून दिले. आमच्या एका विद्यार्थिनीने तिला वेताच्या टोपलीत घालून गिरगावात आणले आणि "सर, दोनच दिवस ठेवा," असे म्हणून ती जी गेली ती गेलीच. त्या दोन दिवसांचे किती महिने झाले हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

तिसऱ्या रात्री ठकी खोकू लागली. हा खोकला माणसाच्या खोकल्यासारखा नव्हता. रागावलेल्या बदकाने ओरडावे तसा तो कोरडा, कर्कश आवाज. मान पुढे ताणलेली, पुढचे पाय फाकलेले, आणि जिभेचा रंग निळसर पडत चाललेला. घरातील सर्व मंडळी जागी झाली, आणि कोणालाच काही सुचेना. मी इतिहासाचा अध्यापक. संकटकाळी माझा धंदा फारसा उपयोगी पडत नाही, याची खात्री मला त्या रात्री पुन्हा एकदा पटली. पहाटे तिचा श्वास जरा सावरला, तेव्हा तिच्याशेजारी फरशीवर बसून असताना मनात एक प्रश्न आला: आजारी कुत्र्याला औषध द्यावे, ही कल्पना या शहरात आली कधी? पुढील मजकूर त्या जागरणाचे फळ आहे.

आपल्या परंपरेत कुत्रा नाही असे नाही. महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमेच्या पिलाला निष्कारण मार बसतो आणि त्याची आई जाब विचारायला येते. अखेरीस युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकावयास नाकारतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असतात. श्राद्धात गोग्रास व काकबळी यांबरोबर श्वानबळीही काढून ठेवतात. पण या कथा व हे आचार जरा बारकाईने पाहावेत. कुत्र्याला मारू नये, त्याला टाकू नये, त्याला घास द्यावा, एवढे त्यांत आहे. त्याच्या उशाशी बसावे असे मात्र त्यांत कोठे आढळत नाही. तो उंबऱ्याबाहेरचाच राहतो. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे म्हटले आहे, ही गोष्ट खरी. मुंबईच्या अगदी शेजारी, सोपाऱ्यास, अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे सापडले. हा दुसरा लेख मात्र तेथे सापडला नाही. ह्यात काही गूढ अर्थ शोधण्याचे कारण नाही. तरी त्या पहाटे मला हळहळ वाटली खरी.

पारशी धर्मग्रंथांत गोष्ट निराळी आहे. वेंदिदादाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याचे संपूर्ण धर्मशास्त्रच आहे. त्याला वाईट अन्न देणाऱ्यास शासन सांगितले आहे. न भुंकता चावणाऱ्या वेड्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी पट्टा अडकवावा, असे सांगितले आहे. आणि ज्याची घ्राणशक्ती गेली व भान हरपले अशा कुत्र्यावर, जसे एखाद्या श्रद्धावान माणसावर करावेत तसे, उपचार करावेत, असा स्पष्ट आदेश आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' हा विधी पारश्यांत आहेच. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम मानीत. अशा लोकांच्या वस्तीत कुत्रे मारण्याची मोहीम काढणे म्हणजे काय, हे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांस 1832 साली समजले.

बेवारशी कुत्री उन्हाळ्याच्या दिवसांत मारण्याचा प्रघात सरकारने त्यापूर्वीच पाडला होता. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खरे होते, आणि त्या दंशावर त्या काळी पृथ्वीवर कोठेही इलाज नव्हता; पाश्चरची लस निघावयास 1885 साल उजाडावे लागले. तेव्हा सरकारला केवळ क्रूर ठरवून मोकळे होणे हा अन्याय होईल. परंतु मारणाऱ्या शिपायांस दर कुत्र्यामागे बक्षीस होते, आणि जेथे बक्षीस आहे तेथे बेवारशी कोणता व घरचा कोणता हा विवेक टिकत नाही. शिपाई दारातली, ओट्यावरची कुत्रीही मारू लागले. 6 जून 1832 रोजी, पारश्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटातल्या पारशी वस्तीत हे काम चालू असता जमाव शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. पारश्यांबरोबर हिंदू व जैन व्यापारीही सामील झाले, आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडली. गोऱ्या शिपायांचे पावरोटीवाचून अडल्यावर सरकारला जाग आली. दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, पलटण आली, धरपकड झाली. मुंबईतील आरंभीच्या हरताळांत या हरताळाची गणना करावी लागेल. राजकीय हक्कांची भाषा या शहरात अजून जन्मली नव्हती. तिच्या आधी कुत्र्यासाठी बाजार बंद झाला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

पुढे मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेऊन सोडण्याची तोड निघाली. मग 1834 साली जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर आणि सी. पी. टँक यांच्या दरम्यान पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणच लागा बसवून घेतला. पारशी आणि जैन या दोन भिन्न धर्मांच्या लोकांनी एका मुक्या जनावराच्या निमित्ताने एका गादीवर बसून हिशेब केला, याचे मला अजून कौतुक वाटते. आमच्या घरापासून ही जागा पायी पंधरा मिनिटांची आहे. आज तेथे मुख्यत्वे गाई दिसतात.

कौतुक करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पांजरपोळ हे आश्रयस्थान होते. रुग्णालय ही त्याची मूळ कल्पना नव्हे. तेथे मृत्यू लादला जाणार नाही, एवढे त्याचे वचन. म्हातारे, लंगडे, खरजेने खंगलेले असे सर्व जीव एका आवारात राहत. त्यांनी आपल्या वेळेला मरावे, आपण पाप घेऊ नये. आज आपणांस ठाऊक आहे की डिस्टेंपरसारखा रोग अशा गर्दीत श्वासावाटे पसरतो. पण हे शहाणपण फार उशिराचे. देवीची लस काढणाऱ्या जेन्नरने 1809 साली कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर निबंध वाचला होता. तरी त्याचे कारण गाळणीतून निसटणारे सूक्ष्म विष आहे हे कारे या फ्रेंच संशोधकाने 1905 साली दाखवले, आणि लेडलॉ व डंकिन यांची लस निघाली ती 1920 ते 1930 च्या दरम्यान. तेव्हा 1834 च्या शेटजींस दोष देण्यात अर्थ नाही. मात्र अवध्य ठरवणे निराळे आणि शुश्रूषा करणे निराळे, हा भेद डोळ्यांआड करून चालणार नाही. पहिल्यासाठी धैर्य व पैसा लागतो; दुसऱ्यासाठी ज्ञान व जागरण.

ते ज्ञान मुंबईत आले ते परळच्या वाटेने, आणि कुत्र्याच्या निमित्ताने मुळीच नव्हे. 1874 साली शहरात घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, आणि त्याच साली प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्थाही निघाली. शहर त्या काळी बैलांच्या खांद्यांवर आणि घोड्यांच्या खुरांवर चालत होते. लंगडा बैल म्हणजे बुडालेली मजुरी. गिरण्यांचे धनी दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावे 1883 साली परळ येथे बाई साकरबाई पशुरुग्णालयाची स्थापना केली, आणि 1886 साली त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ज्या गिरणीमालकांच्या धुराड्यांनी परळ-लालबागची हवा काळी केली, त्यांच्यापैकीच एकाच्या दानातून श्वास कोंडलेल्या जनावरांस आसरा मिळावा, हा योग विलक्षण खरा. धुराचा उपद्रव आवरण्यासाठी मुंबईत कायदा झाला तो 1912 साली.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. हा मनुष्य मला फार आवडू लागला आहे. बैल, उंट, हत्ती, ज्याची म्हणून सरकारास गरज, त्या त्या जनावराच्या रोगांवर त्याने ग्रंथ लिहिले. पण 1888 साली त्याने कुत्र्याच्या रोगांवरही एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कुत्रा ना नांगर ओढतो, ना तोफ. ज्या शहरात छप्पन्न वर्षांपूर्वी कुत्र्याच्या जिवासाठी दंगल झाली, तेथील विद्यालयाचा प्रमुख असताना त्याने कुत्र्याचे शरीर हा अभ्यासाचा विषय मानला. 1891 साली तो वारला. त्याच्या नावाची आठवण आज कितीजणांस असेल?

या सर्व काळात दुसरी वहिवाटही चालूच होती, हे विसरून चालणार नाही. एकीकडे परळला औषध, आणि दुसरीकडे महानगरपालिकेची गाडी. गळ्यात पट्टा व बिल्ला असेल तो धन्याचा, नसेल तो गाडीचा, हा हिशेब विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. मुंबईत सरसकट मारणे थांबून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला गेला तो 1994 पासून. देशभरासाठी नियम झाले 2001 साली. वाद अद्याप मिटलेला नाही, आणि ज्याच्या मुलाला कुत्रा चावला त्याला माझा हा लेख वाचून संताप येईल, तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

आता पुन्हा ठकीकडे. पहिल्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, खोकला राहिला. शेजारच्या काकू मायेने बाम घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "छातीला चोळा हो, आमच्या नातवाला लगेच उतार पडतो." दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. कापूर व निलगिरीचे तेल कुत्रे चाटून पोटात घेते, आणि ते त्याला विषासमान होते. त्यांनी ठकीच्या घशावर बोट ठेवून हलकेच दाबले, आणि तो बदकाचा आवाज लगेच उमटला. तेव्हा निदान झाले. श्वासनलिका कूर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी राहते. लहान चणीच्या कुत्र्यांत या कड्या वयोमानाने मऊ पडतात, आणि जोराने श्वास घेताच नळी चपटी होते. रोग बरा होत नाही, आवरता येतो.

आवरण्याचे उपाय ऐकून मला हसू आले. पांजरपोळाच्या नेमके उलट! पांजरपोळ आत घेतो, आम्ही एकेक वस्तू बाहेर काढली. उदबत्ती गेली, मच्छरांची कॉइल गेली, धुपाटणे गॅलरीत गेले. पेढा आणि बिस्किट बंद. आली तेव्हा साडेचार किलो होती, आता पावणेचार आहे, आणि त्या पाऊण किलोने औषधाइतकेच काम केले. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा घातला, कारण गळ्यावर येणारी प्रत्येक ओढ त्या चपट्या नळीवर येते. वेंदिदादाचा लाकडी पट्टा, महानगरपालिकेचा बिल्ला, आणि ठकीचा हा रिकामा गळा, यांचा विचार मी फिरावयास नेताना करीत असतो. फिरणे पहाटेच, उन्हापूर्वी. आणि ज्या बाजूला नवे मनोरे उठत आहेत त्या बाजूला नाही. गिरण्यांची धुराडी गेली, त्यांच्या जागी सिमेंटची धूळ आली.

या खर्चाबद्दल एका मित्राने मला सुनावले, आणि त्याचे म्हणणे टाळण्याजोगे नाही. परळलाच 1926 सालचे के. ई. एम. रुग्णालय आहे, 1941 सालचे टाटा स्मारक रुग्णालय आहे; त्यांच्या आसपासच्या पदपथावर परगावाहून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक रात्री पथारी टाकतात. 2024 साली महालक्ष्मीस टाटा न्यासाने लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय उघडले. "माणसांना फरशी आणि कुत्र्यांना मजले?" असे तो म्हणाला. मी त्याला पेटिटांचे उदाहरण दिले, जमशेटजींचे दिले. ज्या जमशेटजींनी पांजरपोळ उभारला त्यांच्याच देणगीतून भायखळ्याचे माणसांचे रुग्णालय 1845 साली उघडले, हेही सांगितले. एका दयेने दुसरी आटते असा इतिहासाचा दाखला मला तरी मिळालेला नाही. परंतु त्या पदपथावरून जाताना टोपलीतील ठकीवर मी पदर सारखा करावा तसा टॉवेल सारखा करतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी रात्रीचे एक काम नेमून दिले आहे. ती गाढ झोपली की एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजावयाचे. तीसच्या वर सतत गेले तर सकाळची वाट पाहावयाची नाही. महाविद्यालयातल्या एका जुन्या हजेरीपटाची मागली पाने त्यासाठी काढली आहेत. पुढच्या पानांवर विद्यार्थ्यांची नावे, मागे ठकीचे श्वास. काल रात्री 22 होते.