मेरी डिसोझा : धावपट्टीवरची पहिली पिढी

शाळेच्या क्रीडादिनी मी मुलींना एक प्रश्न हमखास विचारतो : ऑलिंपिकमध्ये धावलेल्या आपल्या पहिल्या मुली कोणत्या? उत्तर ठरलेले, पी. टी. उषा! उषांचे कर्तृत्व थोरच. पण त्यांचा जन्म १९६४ चा. त्याच्या बारा वर्षे आधी, १९५२ साली, हेलसिंकीला चार भारतीय मुली गेल्या होत्या. आरती साहा व डॉली नाझीर पोहायला, निलिमा घोष व मेरी डिसोझा धावायला.

मेरी मूळ गोव्याच्या घराण्यातली, जन्म १९३१ साली बांद्र्याचा. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिले आशियाई सामने भरले, तेव्हा आमचे आदिलाबाद हैदराबाद संस्थानच्या नव्या राज्यात होते. तेथे मेरीने २०० मीटरमध्ये कांस्य मिळवले आणि रोशन मिस्त्री, पॅट मेंडोन्सा व बानू गझदर यांच्यासह रिले शर्यतीत रौप्य.

पुढच्या वर्षी ऑलिंपिकला निवड झाली, पण प्रवासाला पैसे कुठून आणायचे? तेव्हा मेरीच्या ओळखीपाळखीच्या मंडळींनी नाच व पत्त्यांचे कार्यक्रम करून पैसा उभा करायला घेतला. हेलसिंकीत ती १०० आणि २०० मीटर धावली. प्राथमिक फेरीपुढे गेली नाही. पण वाट पडली.

१९५३ साली ती इंग्लंडमधील फोकस्टनला हॉकी खेळली. १९५४ साली मनिला येथे क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी यांनी ४ बाय १०० मीटर रिले ४९.५ सेकंदांत जिंकली. आशियाई मैदानी स्पर्धांत भारतीय स्त्रियांचे ते पहिले सुवर्णपदक! स्टेफी पुढे दहा वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावली. मेरीला मात्र ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

हा इतिहास वाचताना मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवते. नववीत होती, अनवाणी धावायची. तालुक्याला पहिली आली. पुढच्या स्पर्धेला हैदराबादला न्यायचे, तर सोबतीला शिक्षिका नाही, खर्चाची तरतूद नाही. वडील म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसं." मी वर अर्ज धाडला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. उत्तर आले तेव्हा स्पर्धा होऊन गेली होती. दहावीला ती शाळेत आलीच नाही. पैनगंगेपलीकडे तिचे लग्न झाल्याचे कळले.

पुष्कळ दिवस मी वरच्या कचेरीला दोष देत होतो. बांद्र्याची हकिगत वाचली आणि गप्प झालो. आमच्या गावात दर वर्षी गणपतीची वर्गणी चार दिवसांत जमते. त्या पोरीच्या भाड्यासाठी कोणी नाही म्हटले नसते. मी मागायलाच गेलो नव्हतो.