माळवदाचा दोष किती?

करमाळा तालुक्यातलं केम महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुंकवासाठी. पण करमाळा-परंडा पट्ट्यातली जुनी माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, पाहिली, की किल्लारीच्या भूकंपानंतर घाईने मिटवलेला एक वाद पुन्हा उघडावासा वाटतो. केमच्या पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, जमीन हादरली आणि सुमारे आठ हजार माणसं आपल्याच घरांखाली गेली. दगडमातीचं घर हेच मरणाचं कारण, असा निकाल तेव्हा लागला. तो निम्माच खरा होता. त्या घरांची भिंत दोन-अडीच फूट जाड, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी-मातीची भर आणि दोन्हींना सांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर गळती थांबवायला वर्षानुवर्षं पांढरी माती लेपत गेल्याने छताचं ओझं वाढलेलं. धक्का बसताच भिंतीचे पापुद्रे सुटले. खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र कित्येक ठिकाणी तसाच उभा राहिला. म्हणजे दोष दगडाचा कमी आणि बांधणीचा जास्त. शिवाय भूकंपप्रवणतेच्या नकाशावर किल्लारीचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता, त्यामुळे भूकंप धरून बांधायला गवंड्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जागतिक बँकेच्या कर्जावर शासनाने पुनर्वसन उभं केलं, तेव्हा लक्ष वेधलं ते स्थलांतर करून नव्याने वसवलेल्या बावन्न गावांनी. तिथे जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भूमिहीनाच्या वाट्याला अर्थात सर्वांत लहान. सरळ रुंद रस्त्यांच्या या वसाहतींत जुने शेजार विखुरले आणि पुढे अनेकांनी घराला पत्र्याची शेड जोडली. याउलट तडे गेलेली सुमारे दोन लाख घरं मालकांनीच, हप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून, सरकारी अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्त करायची होती. गावोगावच्या बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून या कामात उतरल्या. स्वस्त आणि टिकाऊ घराची खरी शाळा इथे भरली, असं माझं मत आहे.

यावर आक्षेप असा, की लोकांनाच जुनी भिंत नको होती. आक्षेप वजनदार आहे. अनेकांनी ते अनुदान जुनी भिंत सांधण्यात न घालता विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधण्यात घातलं. ज्याने आपली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्याला आरपार दगडाचं गणित पटवणं अवघडच. पण यातून सिद्ध होते ती भीती; तंत्र चुकलं होतं, हे नव्हे. निर्णय मालकाच्या हाती राहिल्याने ती खोली निदान वापरात तरी आली. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये मालकानेच घर बांधण्याची पद्धत मुख्य ठरली आणि लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथे आपला अनुभव सांगायला गेल्या.

मात्र हा युक्तिवाद ताणायलाही मर्यादा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा करमाळा-माढ्याच्या नदीकाठी प्रश्न हादऱ्याचा नव्हता. मातीत रचलेली भिंत पाणी मुरलं की बुडातूनच खचते, आरपार दगड कितीही घातले तरी. तिथे आधी जोतं उंच हवं, खालचे दोन-तीन थर सिमेंटात हवेत, आणि पूररेषेतल्या घराला उठवायचं की नाही हा निर्णय तर घरमालक एकटा घेऊच शकत नाही.