सेंट किल्डा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे उत्तर अटलांटिक महासागरात असलेला द्वीपसमूह. नॉर्थ यूइस्ट या बेटापासून तो सुमारे ६५ किमी. अंतरावर आहे. हिर्टा, डून, सोए आणि बोरेरे ही त्यातली बेटे. शिवाय समुद्रातून सरळ वर आलेले काही सुळके आहेत, त्यांना ‘स्टॅक’ म्हणतात. सगळी जमीन मिळून जेमतेम साडेआठ चौ. किमी. भरते. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती टिकली ती एकट्या हिर्टावर. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथल्या उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडले.

हिर्टाला जाण्यासाठी आजही बोटीवाचून सोय नाही, आणि बोट पोहोचेलच याची हमी नाही. हॅरिस बेटावरच्या लेव्हरबरा बंदरातून किंवा स्काय बेटावरून उन्हाळ्याच्या महिन्यांत लहान, वेगवान बोटी निघतात. उघड्या महासागरातला लेव्हरबरापासूनचा प्रवास अडीच-तीन तासांचा. अनुभवी माणसे एक जादा दिवस हाताशी ठेवूनच येतात, कारण आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहून नावाडी फेरी रद्द करू शकतो. उतरण्याची जागा एकच, आग्नेयेकडे तोंड असलेली व्हिलेज बे ही खाडी. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला डून बेट आडवे येते, म्हणून एरवी ती सुरक्षित असते. वारा आग्नेयेचा सुटला की लाटा थेट आत घुसतात. अशा वेळी गाव डोळ्यांसमोर दिसत असताना बोट माघारी वळते. मोठी बोट लागेल असा धक्का इथे नाही. प्रवाशांना छोट्या रबरी होडीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या लहानशा जेट्टीपर्यंत नेतात.

किनाऱ्यावर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचा रेंजर सूचना देतो आणि मग चार-पाच तास मोकळे मिळतात. गावात एकच कमानदार रस्ता. त्याच्या कडेने १८६०च्या दशकात बांधलेली १६ घरे ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या मधेमधे त्याहून जुन्या, जाड भिंतींच्या काळ्या घरांचे अवशेष. काही घरांवर पुन्हा छप्पर घातले आहे, एकात छोटे संग्रहालय आहे, बाकीची उघडीच. चर्च आणि त्याला जोडलेली शाळेची खोली डागडुजी करून राखली आहे. चर्चजवळून वर चढत गेले की कोनाखर हा ४३० मी. उंचीचा डोंगर लागतो. त्याची उत्तरेची बाजू थेट समुद्रात तुटते; ब्रिटनमधले हे सर्वांत उंच सागरी कडे.

उतारावर जिथे पाहावे तिथे ‘क्लेट’ दिसतात. क्लेट म्हणजे चुना-माती न वापरता रचलेली, माथ्यावर गवताची ढेपे घातलेली दगडी कोठी. एकट्या हिर्टावर त्या १,२०० हून जास्त आहेत. दगडांच्या फटींतून वारा खेळता राहतो, वरचे गवत पाऊस अडवते, आणि ओलसर हवेतही आतला माल सुकतो. दोरखंड, गवत, जळण, अंडी आणि मुख्य म्हणजे पक्ष्यांचे मांस त्यांत साठवत. क्लेट समजली की हिर्टाचे अर्थकारण समजते, कारण खवळलेल्या समुद्रात मासेमारीवर विसंबणे इथे परवडणारे नव्हते. लोक जगले ते गॅनेट, फुल्मार आणि पफिन या समुद्रपक्ष्यांवर. पुरुष अनवाणी, दोराच्या आधाराने कड्यांवरून उतरत. मांस खायला, फुल्मारचे तेल दिव्याला आणि पिसे जमीनदाराला. बेटाचे मालक डनव्हेगनचे मॅक्लाउड; त्यांचा कारभारी वर्षाला एकदा बोटीने येई आणि पिसे, तेल, लोकरीचे कापड असा वस्तुरूप सारा घेऊन जाई. रोख पैशाला इथे फारसे काम नव्हते. सकाळी सगळे बाप्ये रस्त्यावर जमून त्या दिवशी काय करायचे ते ठरवत. बाहेरच्यांनी या बैठकीला कौतुकाने ‘पार्लमेंट’ म्हटले. चर्चा लांबली तर कामाचा दिवसही त्यातच जाई.

बाहेरची बोट ही इथे गरजही होती आणि संकटही. १७२७ मध्ये हिर्टावर देवी आल्या. हॅरिसमध्ये देवीने वारलेल्या बेटकऱ्याचे कपडे परत आणले, त्यातून साथ पसरली, अशी रूढ हकीकत आहे. त्याच सुमारास तीन पुरुष आणि आठ मुले पक्षी धरण्यासाठी स्टॅक अन आर्मिन या १९६ मी. उंच सुळक्यावर उतरली होती. त्यांना न्यायला येणारी बोट वल्हवायला गावात धडधाकट माणसेच उरली नाहीत. ती अकरा जणे नऊ महिने त्या खडकावर तगून राहिली, आणि पुढच्या मे महिन्यात कारभाऱ्याच्या बोटीने त्यांना सोडवले. याच सुळक्यावर १८४० च्या सुमारास ब्रिटनमधला बहुधा शेवटचा ग्रेट ऑक पक्षी मारला गेला. वादळ उठले तेव्हा पकडून ठेवलेल्या त्या पक्ष्यावर चेटकीण असल्याचा आळ आला होता.

परकी बोट येऊन गेली की गावभर सर्दी-खोकला पसरतो, असे बेटकरी सतराव्या शतकापासून सांगत. मुख्य भूमीवरच्या विद्वानांना ही भाकडकथा वाटे. जंतूंचे ज्ञान आल्यावर बेटकऱ्यांचे निरीक्षण बरोबर ठरले. त्याहून क्रूर होता नवजात अर्भकांचा धनुर्वात. एकोणिसाव्या शतकात जन्मलेली कितीतरी मुले पहिला आठवडा ओलांडत नसत. अँगस फिडिस या धर्मोपदेशकाने नाळ कापताना जंतुनाशक वापरण्याची पद्धत आणली, तेव्हा १८९० च्या दशकात हे मृत्यू थांबले. तोवर १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. त्यांतले बरेच वाटेतच दगावले. (मेलबर्नच्या सेंट किल्डा या उपनगराचा या स्थलांतराशी संबंध नाही. त्याला नाव मिळाले ते ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ या जहाजावरून.)

जानेवारी १८७७ मध्ये एक ऑस्ट्रियन जहाज इथे फुटले आणि नऊ खलाशी गावकऱ्यांच्या तुटपुंज्या शिध्यावर येऊन पडले. तेव्हा बेटावर अडकलेला पत्रकार जॉन सँड्स याने त्या जहाजाच्या जीवरक्षक कड्याला चिठ्ठी बांधून ती समुद्रात सोडली. ती ऑर्कनीला लागली आणि सुटकेसाठी ‘जॅकल’ ही युद्धनौका आली. मग बेटकऱ्यांनी हीच युक्ती उचलली. लाकडाच्या कोरीव ठोकळ्यात पत्र ठेवायचे, मेंढीचे फुगवलेले मूत्राशय बांधायचे आणि वायव्येचा वारा पाहून सोडून द्यायचे. अशी पत्रे कधी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सापडत, कधी नॉर्वेत.

त्याच १८७७ साली ‘दुनारा कॅसल’ या आगबोटीच्या उन्हाळी फेऱ्या सुरू झाल्या. पर्यटक लोकर आणि पक्ष्यांची अंडी विकत घेत, फोटो काढत, गावकऱ्यांकडे नवलाने पाहत. या पर्यटकांनी साधीभोळी माणसे बिघडवली आणि म्हणून बेट ओस पडले, असा सूर पुष्कळ लेखनात आढळतो. तो अपुरा आहे. पहिल्या महायुद्धात इथे नौदलाचे बिनतारी केंद्र आले, मे १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने गावावर तोफगोळे टाकले (त्यानंतर बसवलेली तोफ अजून तिथेच आहे), आणि बाहेर पगारी काम मिळते हे तरुणांनी जवळून पाहिले. पुढचा हिशेब साधा होता. १९२० मध्ये ७३ माणसे होती. १९२८ मध्ये ३७ उरली. १९२६ मध्ये चार पुरुष इन्फ्लुएन्झाने गेले. बोट ढकलायला, कड्यावर दोर धरायला, मेंढ्या हाकायला ठरावीक हात लागतात. त्या संख्येखाली गेल्यावर उरलेल्यांनाही राहता येत नाही. मे १९३० मध्ये गावकऱ्यांनी सरकारकडे पाठवलेल्या अर्जात हीच अडचण मांडली होती. बेटावरच्या परिचारिका विल्यमिना बार्क्ले यांनी त्यांना या निर्णयापर्यंत येण्यास मदत केली.

आधी ‘दुनारा कॅसल’वरून मेंढ्या हलवल्या. कुत्र्यांना गळ्यात दगड बांधून खाडीत बुडवले. घराघरांत बायबल उघडे ठेवून, शेजारी ओटचे थोडे दाणे ठेवून माणसे ‘हेअरबेल’ या नौकेवर चढली. बहुतेकांना मॉर्व्हर्न भागात घरे मिळाली आणि पुरुषांना वनखात्यात काम. झाड नसलेल्या बेटावरच्या माणसांना झाडे लावण्याची नोकरी देणाऱ्या कार्यालयाला त्यातली गंमत कळली असेल, असे वाटत नाही.

‘निर्मनुष्य बेट’ हे आजचे वर्णन तितकेसे खरे नाही. १९३१ मध्ये पक्षिप्रेमी लॉर्ड डम्फ्रीस यांनी बेटे विकत घेतली आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९५७ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली. त्याच वर्षी साउथ यूइस्टच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रासाठी इथे लष्करी रडार बसले. तेव्हापासून कर्मचारी बाराही महिने राहतात, आणि एकाकी गावाच्या ओढीने आलेल्या प्रवाशाला जेट्टीवर उतरताच त्यांच्या इमारती दिसतात. १९३२ मध्ये सोएवरून १०७ मेंढ्या हिर्टावर आणून मोकळ्या सोडल्या होत्या. त्यांच्या वंशजांना कोणी चारा घालत नाही की कातरत नाही. कडक हिवाळ्यात कळपातल्या शेकडो मरतात आणि संख्या पुन्हा वाढते. या चढउतारांचा शास्त्रज्ञ अनेक दशके अभ्यास करत आहेत. माणसांबरोबर राहणारा घरउंदीर मात्र १९३० नंतर लवकरच नाहीसा झाला.

युनेस्कोने १९८६ मध्ये निसर्गासाठी आणि २००५ मध्ये संस्कृतीसाठीही सेंट किल्डाला जागतिक वारसा ठरवले. असा दुहेरी मान मिळालेले हे ब्रिटनमधले एकमेव स्थळ (भारतात तो कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाला आहे). परतीच्या वाटेवर बहुतेक बोटी बोरेरे आणि स्टॅक ली यांना वळसा घालतात. २०१३ च्या मोजणीत इथे गॅनेटच्या सुमारे ६० हजार जोड्या आढळल्या होत्या. कड्यांवर आणि बिळांत घरटी करणाऱ्या इथल्या समुद्रपक्ष्यांना सर्वांत मोठी भीती मोठ्या उंदरांची, आणि ते येऊ शकतात ते बोटीतूनच. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘स्पिनिंगडेल’ हा ट्रॉलर व्हिलेज बेमध्ये खडकांवर चढला, तेव्हा खलाशांना हेलिकॉप्टरने उचलल्यावर लगेच किनाऱ्यावर उंदरांसाठी आमिषे मांडण्यात आली. उंदीर सापडले नाहीत. तरीही प्रवाशांना होडीत बसण्याआधी पिशव्या तपासायला सांगतात आणि कुत्र्यांना बेटावर उतरू देत नाहीत.